अकराव्या वर्षी निवड, सोळाव्या वर्षी निरोप

नाच हाच पोटापाण्याचा धंदा करायचा का, हा प्रश्न इंग्लंडमधल्या काही घरांत मूल दहा वर्षांचं असतानाच येऊन उभा राहतो. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स की कॉमर्स यावर महिनाभर खल चालतो. तिथे अकराव्या वर्षी माध्यमिक शाळा सुरू होते आणि बॅलेच्या निवासी शाळेत जायचं असेल तर त्याआधीच्या हिवाळ्यात ऑडिशनचा फॉर्म भरावा लागतो. पोरीला अजून दुधाचे दात पडायचे असतात आणि आईबाप तिच्या कारकिर्दीवर सही करत असतात.

एवढी घाई का, याचं उत्तर शेवटाकडून मोजत आलं की सापडतं. पॅरिस ऑपेरात नर्तकांचं निवृत्तीचं वय ४२ आहे, आणि बऱ्याच जणांचं शरीर पस्तिशीतच कुरकुरायला लागतं. म्हणजे बॅले कंपनीत अठरा-एकोणिसाव्या वर्षी शिरायला हवं. शिक्षणाला आठ-नऊ वर्षं लागतात. उरलं वय दहा-अकरा. त्यात बॅलेचा सगळा डोलारा टर्नआउटवर उभा आहे. पाय बाहेर फिरवायचा तो थेट खुब्यापासून. गुडघा किंवा घोटा पिळून तो फिरवला की काही वर्षांत दुखापत ठरलेली. खुब्याच्या सांध्याची घडण जन्माची असते, ती शिकवून येत नाही. शाळा एवढंच करू शकते, की शरीर लवचीक आहे तोवर आहे तेवढी फिरकी नीट वापरायला शिकवायची. रशियात, फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये पद्धती वेगळ्या असतील, हे गणित मात्र सगळीकडे एकच आहे.

अपवाद आहेत. मिस्टी कोपलँडने तेराव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य नर्तकी, झाली. असे अपवाद आईबापांच्या तोंडपाठ असतात. नियमाची आठवण कुणी काढत नाही.

वाट सुरू होते ती गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या क्लासपासून. चार वर्षांच्या मुली गुलाबी चपला घालून उड्या मारतात, त्यातल्या बहुतेक आठव्या वर्षापर्यंत पोहायला किंवा घोड्यावर बसायला निघून जातात. ज्या उरतात त्यांच्यापैकी काहींना बाई सांगतात, असोसिएटसाठी पाठवून बघा. असोसिएट म्हणजे शाळा आपली गावातली, क्लास आपला बाईंचा आणि शनिवार-रविवारी मोठ्या बॅलेशाळेच्या शिक्षकांकडे जास्तीचा वर्ग. रॉयल बॅले स्कूल हे वर्ग साधारण आठव्या वर्षापासून घेतं. घराची पहिली कसोटी इथेच लागते. शनिवारचे दोन-दोन तास गाडीत जातात आणि मागच्या सीटवर धाकटा भाऊ गृहपाठ घेऊन बसलेला असतो. या विषयावर बोलताना भावंडांचा उल्लेख फार कमी होतो. एका मुलाच्या नाचासाठी घराचे सगळे शनिवार गेले की दुसऱ्याचं फुटबॉल, वाढदिवस, नुसतं लोळणं हे सगळं बिनबोभाट वजा होतं, आणि त्याचा हिशेब दहा वर्षांनी कधीतरी भांडणात निघतो.

पैशांचा प्रश्न इंग्लंडने बऱ्यापैकी सोडवला आहे, निदान कागदावर. शिक्षण खात्याची म्युझिक अँड डान्स स्कीम नावाची योजना आहे. नाचासाठी तिच्यात चार निवासी शाळा येतात: लंडनची रॉयल बॅले स्कूल, बर्मिंगहॅमची एल्महर्स्ट, हर्टफर्डशरमधली ट्रिंग पार्क आणि चेस्टरची हॅमंड. शुल्कातला पालकांचा वाटा घरच्या उत्पन्नावर ठरतो, बाकीचं सरकार भरतं. ब्रिटनमधल्या रहिवासाच्या अटी पूर्ण केल्या तरच. योजनेबाहेरच्या पालकांना पूर्ण शुल्क भरावं लागतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के व्हॅट लागल्याने त्यांचं गणित आणखी बिघडलं आहे. शिवाय शुल्क भरलं म्हणजे संपलं असंही नाही. उन्हाळी शिबिरं, फिजिओ, ऑडिशनसाठीचं गाडीभाडं आणि हॉटेलं, यांना कुठली योजना नाही.

आणि शूज. मुलीच्या पावलांत पुरेशी ताकद आली, असं शिक्षकांना वाटलं की साधारण अकरा-बारा वर्षांच्या पुढे पॉइंट शूज सुरू होतात. बोटांपाशी कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेली पेटी असते, वरून साटिन. महागडी वस्तू, पण घामाने खळ मऊ पडली की संपली. व्यावसायिक नर्तकीची एक जोडी एका प्रयोगातही मरते. दुकानातून शूज येतात ते बहुधा बिनरिबनीचे. मग घरी कुणीतरी टाच पुढे दुमडायची, कडेला जिथे घडी पडते तिथे खूण करायची आणि त्या जागी रिबन शिवायची. जागा अर्धा इंच चुकली तरी घोट्याला काचते. साध्या दोऱ्याचा भरवसा नसल्याने अनेक जणी दात साफ करायचा डेंटल फ्लॉस वापरतात. ज्या घरात कधी बटण शिवलं गेलं नाही तिथले वडीलही हे शिकतात.

ऑडिशन म्हणजे स्टेजवर एकट्याने नाचून दाखवणं, अशी आपली कल्पना रिॲलिटी शोंमुळे झाली आहे. अकराव्या वर्षीची ऑडिशन तशी नसते. तो एक वर्ग असतो. मुलांच्या लिओटार्डवर पुढे-मागे नंबर लावतात, केसांचा अंबाडा घट्ट हवा, कानात काही नको. बारपाशी, म्हणजे हाताने धरायच्या आडव्या दांडीपाशी, ओळीने उभं करतात, समोर टेबलामागे परीक्षक. शिक्षक एक व्यायाम दाखवतात, पियानो सुरू होतो, मुलं करतात. मग ओळी बदलतात, मागची मुलं पुढे येतात. थोड्या उड्या, थोडं संगीतावर मनाने हलणं. सूचना एकदाच मिळते; ती किती पटकन उचलली आणि चुकल्यावर चेहऱ्याचं काय झालं, हेही पाहिलं जातं. अंतिम फेरीत फिजिओ असतो. मूल टेबलावर झोपतं, खुबा किती फिरतो, पाठ किती वाकते, पाऊल किती ताणलं जातं हे तपासतात. पालक या सगळ्या वेळात कॅन्टीनमध्ये थंड झालेल्या चहासमोर बसून एकमेकांना "तुमची कुठून आली?" विचारत असतात. हसतमुखाने चाललेली इतकी भेदक चौकशी लग्नाच्या बैठकीतही होत नसेल.

सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीत ही निवड याहून उघड असते. १७३८ पासून चालत आलेली ही संस्था दहा वर्षांच्या मुलांची आधी शरीरयष्टी पाहते, मग डॉक्टरांकडून तपासते आणि त्यानंतर ताल आणि कान पारखते. पॅरिस ऑपेराची शाळा १७१३ मधली. तिथे दरवर्षी परीक्षा आणि दरवर्षी गळती. इंग्रजी शाळा त्याच गोष्टी जरा मऊ आवाजात करतात.

पालकांच्या पचनी न पडणारी गोष्ट ही, की रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षेत डिस्टिंक्शन मिळवलेली मुलगी पहिल्याच फेरीत बाहेर होते आणि शेजारची, जिला धड पावलंही लक्षात राहत नव्हती, ती आत जाते. परीक्षेत शिकलेल्याचे गुण मिळतात. ऑडिशनमध्ये परीक्षक पुढच्या आठ वर्षांचा अंदाज बांधत असतात, आणि तो अंदाज बराचसा हाडांवरून बांधला जातो. पहिल्या फेरीतल्या नकाराचं कारण बहुधा कळवलं जात नाही. मग घरात दोन प्रतिक्रिया येतात. "तू सगळ्यांत छान नाचलीस, त्यांना कळतच नाही" ही एक, आणि "पुढच्या वर्षी आणखी मेहनत करू" ही दुसरी. दोन्ही प्रेमापोटी, पण दोन्हीत खोट आहे. पहिलीने मूल पुढच्या प्रत्येक शिक्षकावर अविश्वास धरतं. दुसरीने मुलीला वाटतं, मी कमी पडले. खुबा मेहनतीने बदलत नाही, हे दहा वर्षांच्या मुलीला स्वच्छ शब्दांत सांगता येतं आणि तिला ते कळतंही. आपल्यालाच सांगायला जड जातं.

होकार आला की पालकांना वाटतं, गंगेत घोडं न्हालं. इथेच या व्यवस्थेतली सर्वांत अवघड गोष्ट लपलेली आहे. अकराव्या वर्षीची निवड बरीचशी त्याच देशातल्या मुलांमधून होते. सोळाव्या वर्षी वरच्या शाळेसाठी जी निवड होते ती साऱ्या जगातून. रॉयल बॅले स्कूलची खालची शाळा रिचमंड पार्कातल्या व्हाइट लॉजमध्ये, तर वरची कोव्हेंट गार्डनमध्ये ऑपेरा हाउसच्या शेजारी. ही वरची शाळा आणि ऑपेरा हाउस यांना जोडणारा, पिळदार रचनेचा एक पूल आहे. या वरच्या शाळेच्या दारात जपान, ब्राझील, इटली, ऑस्ट्रेलियातून निवडून आलेली मुलं उभी असतात. पाच वर्षं व्हाइट लॉजमध्ये घालवलेल्या मुलाला त्यांच्याशी टक्कर द्यायची असते, तीही नेमक्या त्या वयात, जेव्हा शरीर बेभरवशाचं झालेलं असतं. त्याआधीही वर्षअखेरीची मूल्यमापनं होत आली आहेत. पुढच्या वर्षी जागा नाही, असं कळवलं जाणं याला तिथले पालक ‘असेस्ड आउट’ म्हणतात. तेराव्या वर्षी मूल ट्रंक घेऊन घरी परत येतं. गावातल्या शाळेत सगळ्यांचे गट जमलेले असतात, आणि याच्याकडे सांगायला एकच गोष्ट: मला काढलं.

निवडणारे तज्ज्ञ आहेत, शिकवणारे नामवंत आहेत, पैसे द्यायला सरकार आहे. नकार आल्यावर मूल कुठे जातं, याची जबाबदारी मात्र या साखळीत घराशिवाय कुणावरच नाही. पालकांच्या ‘पाठिंब्या’बद्दल जे काही बोललं जातं त्यात माझ्या मते हा मुद्दा सगळ्यांत वर हवा, आणि तो बहुधा तळटिपेत असतो. सगळा सूर असतो तो मुलाला आत कसं पोहोचवायचं याचा. बाहेर आलेल्या मुलाचं काय, हा विषय अपशकुनी मानला जातो.

शरीराबद्दल मात्र गेल्या काही वर्षांत उघड बोललं जाऊ लागलं, तेही वाईट वाटेने. २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरा अकादमीत मुलांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीबद्दल वृत्तपत्राने वाचा फोडली. चौकशी समितीच्या अहवालात वैद्यकीय देखरेख अपुरी असल्याचं आलं आणि बारीक राहण्यासाठी सिगारेट ओढायचा सल्ला मिळत असल्याचंही. २०२० मध्ये बर्लिनच्या सरकारी बॅलेशाळेवर आरोप झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात रॉयल बॅले स्कूल आणि एल्महर्स्टच्या माजी विद्यार्थ्यांनी वजनावरून होणारे टोमणे आणि धाकदपटशा यांबद्दल सांगितलं. आता आम्ही बदललो आहोत, असं शाळांचं म्हणणं आहे. काही प्रमाणात ते खरंही असेल. पण आरशाच्या भिंतीसमोर दिवसातले चार-पाच तास घालवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला टोमणा मारायला शिक्षकाची गरज लागत नाही.

आकडा पाहा. २०१४ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात नर्तकांमध्ये खाण्याच्या विकारांचं प्रमाण १२ टक्के आणि बॅले नर्तकांमध्ये १६.४ टक्के आढळलं, म्हणजे साधारण सहांत एक. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ‘रेड-एस’ हे नाव पुढे आणलं. खाल्लेलं आणि खर्चलेलं यांचा मेळ बसला नाही की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, नडगीत आणि पावलात केसाएवढे तडे जातात. बॅलेच्या जगात पाळी न येणं कित्येक पिढ्या गृहीत धरलं गेलं. "नाचणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे वाक्य अनुभवी बायका आजही नव्या आईला धीर देण्यासाठी म्हणतात. हा धीर घेऊ नये, डॉक्टर गाठावा. एकाच जागी पुन्हापुन्हा हाड दुखणं, जेवणाच्या टेबलावर सबबी, सुट्टीत घरी आल्यावरही विश्रांती घेता न येणं, या गोष्टी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आधी आईबापांच्या लक्षात येतात, कारण महिन्याने पाहणाऱ्याला फरक दिसतो.

याच किशोरवयात उंची झपाट्याने वाढते. हाडं पुढे पळतात, स्नायू मागे राहतात. काल सहज वर जाणारा पाय आज जात नाही, गिरकी घेताना तोल सापडत नाही. मुलाला वाटतं, आपण बिघडलो. बाराव्या वर्षी छान नाचणारा मुलगा चौदाव्या वर्षी नळकांडं होतो आणि सोळाव्या वर्षी पुन्हा जागेवर येतो, हे शिक्षकांना ठाऊक असतं. मुलांना कुणी सांगत नाही.

मुलग्यांची गोष्ट थोडी निराळी. संख्येने कमी असल्याने त्यांना दार जरा रुंद मिळतं, पण गावातल्या शाळेच्या मैदानावर त्याची किंमत मोजावी लागते. २००० सालच्या ‘बिली एलियट’ या सिनेमाने खाणकामगार बापाचं मन वळताना दाखवलं आणि जगभर डोळे ओले केले. सिनेमा मुलगा मोठा होऊन मंचावर झेपावतो तिथे संपतो. मधली सगळी वर्षं गाळली आहेत. वास्तवात बापाची खरी परीक्षा त्या गाळलेल्या वर्षांत असते.

दोन बापांची तुलना करावीशी वाटते. हवानाच्या एका ट्रक ड्रायव्हरने आपल्या उनाड पोराला बॅलेत घातलं ते रस्त्यावरून उचलण्यासाठी. क्यूबात हे शिक्षण फुकट होतं. पोराला फुटबॉल हवा होता. दांड्या मारल्या म्हणून त्याला हवानाच्या शाळेतून काढलं, मग दूर पिनार देल रिओच्या निवासी शाळेत पाठवलं आणि तिथे त्याला नाच खऱ्या अर्थाने लागला. त्या पोराने, कार्लोस अकोस्टाने, १९९० मध्ये प्री द लोझान या स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं. २०२० पासून तो बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक आहे. दुसरं घर युक्रेनच्या खेरसोनमधलं. सर्गेई पोलुनिनच्या शिक्षणासाठी बाप पोर्तुगालला मजुरीला गेला, आजी ग्रीसला, आई मुलाला घेऊन कीव्हला. तेराव्या वर्षी तो लंडनच्या शाळेत आला, २०१० मध्ये रॉयल बॅलेचा सर्वांत तरुण प्रिन्सिपल झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये अचानक सोडून गेला. २०१६ च्या ‘डान्सर’ या माहितीपटात जे दिसतं ते असं: आपण मोठे झालो की घर पुन्हा एकत्र येईल, या आशेवर मुलगा नाचत होता, आणि आईबापांचा घटस्फोट तो शिकत असतानाच झाला. त्याग दोन्ही घरांनी केला. पण दुसऱ्या घराने केलेल्या कर्जाचा हप्ता मुलाच्या पायांवर आला. "तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं" हे वाक्य तोंडाने म्हणावं लागत नाही. रिकाम्या घरातूनही ते ऐकू येतं.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. १९७३ पासून स्वित्झर्लंडमध्ये भरणारी प्री द लोझान पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी आहे. परीक्षक मंचाइतकंच आठवडाभराच्या वर्गांतही पाहतात आणि बक्षीस म्हणून मोठ्या शाळांत जागा मिळते. १९९९ मध्ये सुरू झालेली यूथ अमेरिका ग्रां प्री याहून मोठा बाजार आहे. नऊ-दहा वर्षांची मुलं तिथे मोठ्यांची एकल नृत्यं करतात. लोझानला जायची पात्रता आलेल्या मुलाने जरूर जावं. नऊ वर्षांच्या मुलीला झगमगत्या ट्यूटूत बत्तीस गिरक्यांच्या मागे लावणं मला तरी हौस वाटते, आणि ती मुलीची नसते.

मुंबईचा या सगळ्याशी संबंध काय? आहे, आणि तो दक्षिण मुंबईतल्या जुन्या पारशी क्लासांपुरता राहिलेला नाही. अंधेरीच्या डान्सवर्क्समध्ये येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन शिक्षकाच्या हाती दोन मुलं लागली. वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलच्या वरच्या शाळेत पोहोचला; लंडनच्या खर्चासाठी लोकवर्गणी काढावी लागली. टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान उशिरा, मोठा झाल्यावर, बॅलेकडे वळला. अमेरिकेत शिकायला गेला, दुखापतीशी झुंजला, आणि वयाने कंपनीचं दार अरुंद केल्यावर समकालीन नृत्याकडे वळला. सूनी तारापोरवाला यांच्या २०२० च्या ‘ये बॅले’ या सिनेमात त्याने स्वतःचीच भूमिका केली, २०२३ चा ‘कॉल मी डान्सर’ हा माहितीपट त्याच्यावरच आहे. त्या घरांत शनिवारी गाडीने नेणारं कुणी नव्हतं. मिळवत्या वयाच्या मुलाने कमवायला लागावं, ही अपेक्षा मात्र होती, आणि त्यात काही गैर नव्हतं. मुलगा म्हातारपणीची काठी असेल तर बापाने त्याला नाचायला सोडणं ही केवळ मोठ्या मनाची गोष्ट राहत नाही, तो भाकरीचा प्रश्न होतो.

पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घराला आज परदेशी शाळेचं दार व्हिडिओने उघडतं. बारवरचे व्यायाम, बार सोडून स्टुडिओच्या मध्यभागी केलेले व्यायाम आणि अराबेस्कसारख्या ठरावीक स्थितीतले फोटो पाठवायचे. अकराव्या वर्षी मूल सातासमुद्रापार पाठवण्यापेक्षा पंधरा-सोळाचा मुक्काम गाठणं बहुतेकांना झेपणारं आहे. तोवर इथे रोज वर्ग देणारा शिक्षक मिळणं हीच अडचण. आठवड्यातून दोन क्लास आणि वर्षातून एक परीक्षा यावर ते होत नाही.

शाळा पाहायला गेलेले पालक स्टुडिओची लवचीक लाकडी फरशी, वसतिगृहाच्या खिडक्या, भिंतीवरचे माजी विद्यार्थ्यांचे फोटो पाहून हरखतात. फोटोत यशस्वी झालेलेच असतात. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. अकराव्या वर्षी घेतलेल्या मागच्या तुकडीतली किती मुलं सोळाव्या वर्षी याच शाळेत होती? गेलेल्यांना दुसरी शाळा शोधून देण्याचं काम कुणाचं, आणि निर्णय कोणत्या महिन्यात कळवतात, तोवर त्या वर्षीच्या बाकीच्या शाळांच्या ऑडिशन संपून तर जात नाहीत ना? दुखापतीने वर्षभर नाच बंद राहिला तर जागा राहते का? मुलीच्या वजनाविषयी बोलण्याचा अधिकार कुणाला आहे, शिक्षकाला की डॉक्टरला? गणित-विज्ञानाचे तास तालमीसाठी किती वेळा रद्द होतात? प्रतिष्ठेची शाळा असे प्रश्न विचारणाऱ्या पालकांकडे जरा कपाळाला आठी घालून पाहते. पाहू द्यावं, आणि उत्तरं लेखी मागावीत, पहिल्या सत्राचं शुल्क भरायच्या आधी.